दवाखान्याला जुंपलेले बैल

क्विल्माय, चिलोए बेट
९ नोव्हेंबर १९११

अन्सेल्मो,

आधी जेवून घे, मग वाच. उपाशी पोटी हे पत्र वाचलंस तर तिथं वाल्दिवियात कुणाच्या तरी अंगावर धावून जाशील.

बाबांनी बांधलेला दवाखाना डॉन कासिमिरो गिळायला निघालाय. छप्पर चढलं, भिंतींवर आलेर्से लाकडाच्या फळ्या बसल्या, रंग तेवढा राहिला होता. काल कास्त्रोहून कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला. कागद म्हणतो की करारात जागा लिहिलीय ती टेकडीवरची, चॅपेलच्या शेजारची. तुम्ही बांधलंत खाली किनाऱ्यावर, डॉन कासिमिरोच्या खासगी जमिनीत. तेव्हा जमीन ज्याची, इमारत त्याची. वर आणखी ठपका, की ठेकेदारानं ठरल्या जागी दवाखाना दिला नाही, म्हणजे करार बाबांनीच मोडला.

आणि किनाऱ्यावर बांधा म्हणून सांगितलं कोणी? यानंच. रुग्णालय मंडळाचा अध्यक्ष म्हणून छाती काढून आला होता. मी तिथंच खिळे निवडत बसले होते. म्हणाला, ‘‘एलेउतेरिओ, टेकडीवर लाकूड चढवत कशाला मरता? माझी खालची जागा मी दवाखान्याला दान करतो. कागद मागाहून करू.’’ बाबांनी हात पुढे केला, त्यानं हातात हात दिला. आपल्याकडे त्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं, हे तुला शहरात राहूनही आठवत असेल. तेव्हा या किनाऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता वाफेची बोट थांबायला लागली, तर त्याला बटाट्यांसाठी कोठार हवंय. आयत्या बिळात नागोबा.

आईला होडीतून आंकुदच्या दवाखान्यात नेत होतो आणि ती खाडीतच गेली, त्या दिवसापासून बाबांनी एकच ध्यास घेतला होता, की क्विल्मायला आपला दवाखाना पाहिजे. त्या खोल्यांत आता बटाटे ठेवणार. तू कारकुनी करतोस त्या वकिलांना सांग आणि काहीतरी कर.

तुझी ताई,
देल्मिरा


वाल्दिविया
२६ नोव्हेंबर १९११

ताई,

जेवून वाचलं, तरी व्हायचं ते झालंच. मी खुर्ची पाडली आणि आमचे वकीलसाहेब डॉन इलारिओन यांनी चष्म्यावरून पाहिलं. सगळं ऐकल्यावर तेही उठून उभे राहिले. केस आम्ही घेतली आहे. फीचं नाव काढू नकोस. म्हातारे म्हणाले, ‘‘असा चोर मला वर्षातून एकदा मिळाला तरी मी दहा वर्षं जास्त जगेन.’’

बाबांना सांग, घाबरू नका. दान तोंडी असलं तरी साक्षीदार चालतात. तू होतीस, सुतार होते, पाद्री येऊन आशीर्वाद देऊन गेले होते. सगळ्यांची नावं पाठव. डॉन कासिमिरोनं एखादी चिठ्ठी लिहिली असेल, कुणाजवळ काही बोलला असेल, तर तेही लिही. त्यानं इथला मोठा वकील लावला आहे, डॉन फाब्रिसिओ उर्मेनेता. सान्तियागोहून आलाय, बूट आरशासारखे चमकतात आणि बेटावरच्या माणसांना तो ‘बटाटेवाले’ म्हणतो. त्याला आपण पाणी पाजू. मला तर आजच कोर्टात जावंसं वाटतंय.

तुझा,
अन्सेल्मो


क्विल्माय
२० डिसेंबर १९११

अन्सेल्मो,

नावं घ्यायला घरोघर गेले. सुतार सांगतात, आम्ही छपरावर होतो, ऐकलं नाही. पाद्रीबाबांची आठवण अचानक अधू झालीय. कुणाला दोष द्यायचा? सगळं गाव डॉन कासिमिरोच्या दुकानातून उधारीवर पीठ आणतं, सगळ्यांचे हात त्याच्या दगडाखाली. त्यामुळे साक्षीदार म्हणशील तर मी एकटी, आणि मी ठेकेदाराची मुलगी.

तो काल दोरी घेऊन आला आणि आपल्या दवाखान्याचं दार मोजून गेला. पोत्यांची गाडी आत जाते का ते बघत होता. मी म्हटलं, ‘‘डॉन कासिमिरो, तुमच्या पोटाचं माप पण घ्या, तेही आत गेलं पाहिजे.’’ बाबांनी मला आत ओढलं.

पोस्टमास्तर मात्र फार गोड झालाय. तुझं पत्र देताना स्वतःहून म्हणाला, ‘‘तुमचे वकील डॉन इलारिओन आता थकले असतील, नाही का?’’ त्याला नाव कसं ठाऊक, देव जाणे. भला माणूस आहे, डॉन कासिमिरोचा मेहुणा असूनही चौकशी करतो.

नाताळाला येत नाहीस हे कळलं. तुझ्या वाटणीचा बटाट्याचा मिलकाओ मी खाईन.

ताई


वाल्दिविया
१६ फेब्रुवारी १९१२

प्रिय ताई,

अत्यंत दुःखाने लिहितो की आपण हरलो. जमीन डॉन कासिमिरोंची आणि करार आपण मोडला, असं कोर्टानं मान्य केलं. त्यांचे वकील डॉन फाब्रिसिओ फार थोर मनाचे निघाले. ते म्हणाले, ‘‘माझा अशील दयाळू आहे. ठेकेदारानं मार्चअखेर हीच इमारत करारातल्या जागेवर नेऊन द्यावी, आमची काही हरकत नाही.’’ सगळं कोर्ट हसलं. मग त्यांनी आणखी एक शब्द घालून घेतला, ‘अखंड’. म्हणजे सुटी करून, फळ्या काढून पुन्हा उभारलेली चालणार नाही. तसं झालं नाही तर इमारत डॉन कासिमिरोंची.

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं राहिलंच नव्हतं. निकालाची नक्कल सोबत आहे. बाबांना शांतपणे पूर्ण वाचून दाखव, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. आपल्यासारख्या गरिबांनी मोठ्यांशी भांडू नये हेच खरं.

बाकी क्षेम. निकानोर मामांचे बैल या वर्षी कसे आहेत? उन्हाळ्यात चारा चांगला मिळाला असेल.

तुझा दुःखी भाऊ,
अन्सेल्मो


क्विल्माय
२७ फेब्रुवारी १९१२

अन्सेल्मो,

लाज वाटते का रे काही? ‘आम्ही काही बोललो नाही.’ मग तुम्ही तिथं कशाला गेला होतात, कोर्टाची बाकं झिजवायला? ‘गरिबांनी मोठ्यांशी भांडू नये.’ हे वाक्य आईनं ऐकलं असतं तर तुला लाकडाच्या पळीनं झोडपलं असतं. आणि घर बुडालेलं असताना तुला मामांच्या बैलांचा चारा सुचतो. शहराची हवा डोक्यात गेलीय तुझ्या. मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

देल्मिरा

ताजा कलम. वरचं लिहून झाल्यावर निकाल बाबांना वाचून दाखवला. ते चुलीपाशी बसून होते. ‘अखंड’ शब्द आला तेव्हा म्हणाले, ‘‘परत वाच.’’ मी परत वाचला. मग विचारलं, ‘‘असं त्यांनी स्वतः लिहून मागितलं?’’ मी हो म्हटलं. अन्सेल्मो, बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. उठले, पोंचो अंगावर घेतला आणि म्हणाले, ‘‘एवढंच ना? मी निकानोरकडे जाऊन येतो.’’

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. आपल्या बेटावर जावई नाखूश झाला तरी घर उचलून दुसऱ्या वाडीला नेतात, आणि मी मूर्खासारखी रडत बसले होते. पण तू मला सरळ का लिहिलं नाहीस? वरची शिवीगाळ मी फाडत नाही, तेवढी तुला देणं आहे. हे पत्र पोस्टात न टाकता गलबतवाल्या बाउतिस्ताच्या हाती देतेय, कारण तो उद्या निघतोय.


वाल्दिविया
६ मार्च १९१२
(कप्तान बाउतिस्ताच्या हस्ते)

ताई,

शिव्या पोचल्या. दोनदा वाचल्या, फार बरं वाटलं.

सरळ कसं लिहिणार? तुझ्या ‘भल्या’ पोस्टमास्तराला आमच्या वकीलसाहेबांचं नाव माझ्याच पत्रातून कळलं होतं. तो आपली पत्रं वाफेवर उघडतो आणि मेहुण्याला वाचून दाखवतो. निकाल पक्का व्हायच्या आत डॉन कासिमिरोला शंका आली असती, तर त्यानं तो शब्द बदलून घेतला असता. आता मुदत उलटली. आता तो शब्द कोणाच्या बापाला बदलता येणार नाही.

तुला सांगतो, त्या दिवशी कोर्टात काय झालं. उर्मेनेता उभा राहिला आणि म्हणाला, इमारत टेकडीवर नेऊन द्या. सगळे हसले. डॉन इलारिओन लालबुंद होऊन हरकत घ्यायला उठत होते. ते तर इथलेच, चिलोएला कधी पाय लावलेला नाही. मी टेबलाखालून त्यांचा कोट धरून असा ओढला की ते पुन्हा खुर्चीत बसले. उर्मेनेताला वाटलं, म्हातारा हरला. मग त्यानं खुशीत येऊन ‘अखंड’ घातला. ताई, मी रुमालात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं मी रडतोय. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यांनी माझा गळाच धरला. मी सांगितलं, साहेब, आमच्याकडे घरं चालतात. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

उर्मेनेता इमारतीचा ताबा घ्यायला स्वतः बोटीनं तिकडे येतोय, महिन्याच्या शेवटी. त्याला चांगलं दृश्य दाखवा. मला रजा नाही, नाहीतर पोहत आलो असतो.

अन्सेल्मो


क्विल्माय
१५ मार्च १९१२
(बाउतिस्ताच्याच हस्ते)

अन्सेल्मो,

तुझी युक्ती भारी, पण पुढचं ऐक. बाबा आणि मी मिंग्याची विनवणी करायला निघालो, सगळ्या गावानं एक दिवस येऊन इमारत ओढून द्यावी म्हणून. रीतसर, टोपी हातात घेऊन, घरोघर. प्रत्येक घरात बसायचं, सफरचंदाच्या चिचाचा पेला घ्यायचा आणि मग म्हणायचं, ‘‘मला तुमचा एक दिवस हवाय.’’ आजवर या गावात अशी विनवणी कुणी मोडलेली मी पाहिली नाही. या वेळी सगळे चिचा देतात, पावसाबद्दल बोलतात आणि ‘बघू’ म्हणतात.

कारण कासिमिरोला आता समजलंय. त्याच्या वकिलाचं पत्र आलं तेव्हा त्यानं आधी विजयाचा नाच ठेवला होता. नाचता नाचता कुणीतरी त्याला ‘अखंड’ म्हणजे काय ते सांगितलं. तो जागच्या जागी उभा राहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं जाहीर केलं, की ज्याचे बैल किनाऱ्यावर दिसतील त्याला यापुढे उधारीवर चिमूटभर पीठ मिळणार नाही. हिवाळा तोंडावर आलाय. लोकांना पोरं आहेत.

एवढी मोठी इमारत कुणी कधी ओढलेली नाही, हेही खरंच. मामांचे बैल आणि आणखी एखादी जोडी मिळून ती जागची हलणारसुद्धा नाही. बाबा तरीही खिडक्या काढून ठेवतायत आणि खालच्या ओंडक्यांना चरबी लावतायत. मी त्यांच्याकडे बघितलं की मला भरून येतं. मला भीती वाटतेय, अन्सेल्मो. त्यांचा हा दवाखाना गेला तर ते पुन्हा चुलीपाशी बसतील आणि मग उठणार नाहीत.

ताई


वाल्दिविया
२१ मार्च १९१२

ताई,

बाउतिस्ता लगेच परत निघतोय म्हणून घाईत लिहितो. सोबत माझा साठवलेला पगार आहे. डॉन इलारिओननीही भर घातली आहे. बैलवाल्यांना रोख मजुरी द्या, हवी तर दुप्पट. पैशानं पीठ घेता येतं, मग उधारीची भीती कशाला? व्यवहार आहे तो. ज्यांना यायचं ते नक्की येतील.

काय होतं ते ताबडतोब कळव. मला इथं झोप नाही, जेवण नाही. काल एका अर्जावर तारखेच्या जागी मी ‘बैल’ लिहिलं.

अन्सेल्मो


क्विल्माय
२ एप्रिल १९१२

अन्सेल्मो,

तुझे पैसे परत पाठवतेय. बाबांनी पाकीट बघितलं आणि विचारलं, ‘‘हा मुलगा माझाच ना?’’ मिंग्याला मजुरी? आईच्या अंत्ययात्रेला खांदा देणाऱ्यांना तू पैसे दिले होतेस का? आता डॉन इलारिओनना नवा कोट घेऊन दे. तो ओढून ओढून फाटला असेल.

तर ऐक. बसला असशील तर उभा राहा, कारण मला हे बसून लिहिता येत नाहीये.

परवा सकाळी बारीक पाऊस होता. आदल्या दिवशीच्या बोटीनं तुझा उर्मेनेता आला होता, छत्री आणि चमकते बूट घेऊन. तो आणि कासिमिरो दुकानाच्या ओसरीत बसून कॉफी पीत होते. किनाऱ्यावर बाबा, मी, निकानोर मामा आणि मामांचे बैल. मी शंभर माणसांचा कुरांतो लावला होता, खड्ड्यात तापलेले दगड, शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर पानं. शंभर माणसांचा वास सुटला होता आणि माणसं तीन. उर्मेनेता ओसरीतून ओरडला, ‘‘काय हो ठेकेदार, इमारत चालायला लागली की आम्हाला उठवा.’’

बाबांनी टोपी काढली आणि पावसात तसेच उभे राहिले.

मग वरच्या वाटेवरून घुंगरू ऐकू आलं. म्हातारी पास्कुआला मियालोंको येत होती, विधवा, कासिमिरोची सगळ्यात जास्त उधारी तिच्यावर. काठी टेकत पुढे ती, मागे तिची बैलजोडी. बाबांच्या समोर येऊन म्हणाली, ‘‘मला दवाखान्यातलं काही कळत नाही, एलेउतेरिओ. माझा पोर तापानं फणफणला होता तेव्हा तुझ्या बायकोनं माझे बटाटे काढायला एक दिवस दिला होता. तो फेडायचा राहिला आणि ती गेली. मेलेल्या माणसाचा दिवस अंगावर ठेवून मला वर जायचं नाही. बैल कुठं जुंपू?’’

कासिमिरो ओसरीतून उठला. ‘‘पास्कुआला, पीठ विसर.’’

तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ‘‘पीठ तुझं असेल. दिवस तिचा आहे.’’

अन्सेल्मो, आम्ही चुकीची विनवणी करत होतो. आम्ही लोकांकडे नवा दिवस मागत फिरलो आणि आईनं आयुष्यभर सगळ्या गावाला दिवस वाटून ठेवले होते. पास्कुआलाला बघून सगळ्यांना आपापले दिवस आठवले. सुतार आले, तेच, छपरावरून ऐकू न आलेले. रेमिहिओ म्हणाला, ‘‘तिनं माझ्या लग्नाची भाकरी भाजली होती.’’ कोळ्यांच्या बायका आल्या, ‘‘आमच्या बाळंतपणाला होती.’’ पाद्रीबाबा झगा खोचून आले आणि त्यांनी पहार उचलली. एकेक जण बैल जुंपायच्या आधी आईचं नाव घेऊन दिवस सांगत होता. बाबा फक्त मान हलवत होते. मी रडत होते आणि दोर बांधत होते.

दोन रांगांत बैल जुंपले. मामांनी आरोळी दिली. काही झालं नाही. दुसरी आरोळी दिली, दोर ताठ झाले, इमारत म्हातारीसारखी कण्हली आणि निघाली. सगळ्या गावाच्या तोंडून एकच आवाज आला. कुत्री पळाली. दवाखाना चालत होता, अन्सेल्मो, छपरासकट, धुराड्यासकट, ओंडक्यांवरून डुलत. पोरं खिडक्यांच्या भोकांतून हात हलवत होती. बाबांनी त्यांना शिव्या देऊन खाली उतरवलं.

चढावर एक दोर तुटला. इमारत मागे सरकायला लागली आणि क्षणभर वाटलं की थेट समुद्रात जाते. बायकांनी हातातले ओंडके चाकाखाली दगड घालतात तसे मागे टाकले, पास्कुआलानं तर आपली काठीच सारली. थांबली. पुन्हा दोर, पुन्हा आरोळी. चॅपेलच्या वळणावर नाक काही सरळ जाईना, म्हणून बैल सोडून दुसऱ्या टोकाला जुंपले आणि उलटीकडून ओढली. अंधार पडायच्या आत दवाखाना टेकडीवर, करारातल्या जागेवर उभा होता. अखंड. एक फळी निसटली होती, ती बाबांनी तिथल्या तिथं ठोकली.

उर्मेनेता छत्री टाकून मागे मागे धावत येत होता, ‘‘हे कायद्यात बसत नाही,’’ असं ओरडत. त्या बुटांना चिखल ठाऊक नव्हता. पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. गावात दवाखाना होताच. पहिल्या खाटेवर आम्ही त्यालाच निजवलं, गावच्या हाडवैद्यानं, डॉन सेफेरिनोनं, हाड बसवलं. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला कुरांतोतलं मांस दिलं. दोनदा मागून घेतलं.

कासिमिरोनं काल संध्याकाळी दुकान उघडून पास्कुआलाला पीठ दिलं. उधारीवर. एकालाही पीठ द्यायचं नाही म्हटलं तर विकायचं कुणाला, हे त्याच्या बायकोनं त्याला समजावलं म्हणे.

पण इतक्यात सुटका नाही. तुझा उर्मेनेता खाटेवर पडल्या पडल्या पोस्टमास्तराला नवा दावा सांगतोय. आम्ही इमारत उलटीकडून ओढली ना, म्हणून मुख्य दार आता भलतीकडे आलंय. करारात लिहिलंय, दार चॅपेलकडे. ते झालंय खाडीकडे. त्या दाराशेजारीच त्याची खाट आहे, तिथूनच बोट दाखवून सांगत होता. मी त्याच्या उशीला सूप ठेवलं आणि म्हटलं, ‘‘सावकाश सांगा साहेब, गरम आहे.’’

मी बाबांना म्हटलं, एवढंच ना, बैल अजून गावातच आहेत, लोक तासाभरात दार फिरवून देतील. बाबा त्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. खाली पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘नको. इथून खाडी दिसते. उद्या कुणाला होडीतून आणत असतील तर लांबूनच दिसेल. आपण धावत खाली जाऊ.’’

तेव्हा, अन्सेल्मो, या वेळी कोट ओढू नकोस. डॉन इलारिओनना उभं राहू दे आणि तूही उभा राहा. दार आता आईच्या खाडीकडे आहे. ते कुणाच्याही निकालानं फिरवायचं नाही.

ताई